उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च लागला की हवा भरायच्या नळीपाशी एक सल्ला फुकट मिळतो : "ऊन वाढलंय, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." सांगणारा भल्यासाठीच सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो. पण सल्ला उलटा आहे. सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजापूर किंवा तुळजापूरकडे भरल्या गाडीने निघणाऱ्यांना तो महागात पडू शकतो, म्हणून हे पत्र.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि परत उठते. तार तोडण्यासाठी आपण ती मागे-पुढे वाकवतो तेव्हा वाकायची जागा बोटाला चटका देते. टायरचंही तेच होतं. ताशी ९० किमी वेगाला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला आठशेच्या वर फेरे घेतं. इतक्या वेळा दबणारं रबर आतून तापतं, रबर आणि आतल्या तारांच्या पट्ट्याची पकड सुटते आणि टायर फाटतो. वरून डांबर तापलेलं आणि डिकीत लग्नाचं सामान, मग विचारायलाच नको.

आता आकडे बघा. सकाळी २५ अंशाला टायरमध्ये ३२ पीएसआय (नळीवाला ज्याला पॉइंट म्हणतो तेच दाबाचं माप) हवा आहे. दुपारी हायवेवर आतली हवा ६५ अंशांपर्यंत तापली तर दाब ३८च्या आसपास जातो. ही वाढ कंपनीने धरलेलीच असते. टायरच्या बाजूवर कमाल दाब म्हणून ४४ किंवा ५१ असा आकडा छापलेला असतो, तोसुद्धा थंड टायरचा. पण हा ३८ बघून कुणी हवा सोडली आणि तापल्या टायरमध्ये ३२ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २६-२७ उरते. म्हणजे फुटू नये म्हणून केलं आणि फुटायची सोय झाली.

किती हवा ठेवायची ते नळीवाल्याला विचारू नका. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर स्टिकर असतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. बऱ्याच गाड्यांत दोन आकडे दिलेले असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक भरल्या गाडीसाठी. पाच माणसं आणि बॅगा घेऊन अक्कलकोट-गाणगापूर करणार असाल तर दुसरा आकडा बघा, त्यात मागच्या चाकांचा दाब वाढवलेला असतो. हवा तपासायची ती गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. साधा काट्याचा गेज स्वतःजवळ ठेवा, कारण दिवसभर आपटणाऱ्या पंपावरच्या गेजचा भरवसा नाही. नायट्रोजनबद्दल एवढंच की साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पैसे देऊन भरला तरी हरकत नाही, मात्र तो भरला म्हणून तपासणं सुटत नाही.

पुण्याकडे निघून लांबोटीला चिवड्यासाठी थांबलात की गाडीभोवती एक फेरी मारा आणि चारही टायरच्या बाजूला हाताचा मागचा भाग लावा. उन्हाच्या बाजूचे दोन थोडे जास्त गरम लागतील, ते ठीक. पण एकच टायर बाकीच्यांपेक्षा ठळकपणे तापला असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे. चहा गार होईपर्यंत कळण्यासारखी ही गोष्ट आहे.

टायरचं वयही बघा. बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. गाडी कमी चालते म्हणून टायर नवा राहत नाही. आपल्या उन्हात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला पाच-सहा वर्षांत बारीक चिरा पडू लागतात. नक्षीच्या खाचांत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खोली १.६ मिमी उरलेली असते, आणि तिथे टायर संपतो.

आता स्टेपनी. हा गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. चार चाकांत हवा भरली जाते आणि पाचवं डिकीत सतरंजीखाली वर्षानुवर्षं पडून राहतं, गरज पडते तेव्हा त्यात १५ पीएसआय निघते. महिन्यातून एकदा तीही बाहेर काढा आणि स्टिकरपेक्षा दोन-तीन पॉइंट जास्त भरून ठेवा, हळूहळू कमी होणारच असते. गाडीखाली टांगलेली स्टेपनी असेल तर तिची साखळी वर्षातून दोनदा खाली सोडून बघा, कारण काळी माती बसली की ती ऐनवेळी हलत नाही. आणि नवी गाडी घेणाऱ्यांनी डिकी उघडूनच बघावी. जुलै २०२०च्या नियमबदलानंतर टायर-दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकता येते.

चाक बदलणं अवघड नाही, क्रम चुकतो म्हणून अवघड होतं. पंक्चर झाल्याचं कळलं की जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. उजव्या बाजूचं चाक असेल आणि शेजारून ट्रक जात असतील तर तिथे बसूच नका; हळूहळू मोकळ्या, सपाट, कडक जागेपर्यंत जा. टायर फाटला तरी चालेल, तो पैशाने मिळतो. धोक्याचे दिवे लावा, माणसं डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभी करा आणि लाल त्रिकोण हायवेवर किमान ५० मीटर मागे ठेवा. ऊस हंगामात रात्री न दिसणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा आणखी मागे. जागा धोक्याची वाटली तर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनला फोन करा, त्यात कमीपणा नाही.

हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका (ऑटोमॅटिक असेल तर पार्क) आणि बदलायच्या चाकाच्या कर्णातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा सैल करा. इथेच निम्मे लोक चुकतात : आधी गाडी उचलतात, मग नट फिरवायला गेले की चाकच फिरतं आणि गाडी जॅकवरून हलते. पाना नटावर असा बसवा की दांडा तुमच्या डाव्या हाताला आडवा येईल. दांड्याच्या टोकावर पायाने वजन द्या, नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पाना नटावर पूर्ण आत बसलेला नसेल तर नटाचे कोपरे गोल होतील, मग गॅरेजवाल्यालाही घाम फुटतो. अलॉय चाकांना कधीकधी एक चोर-नट असतो, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून वेगळ्या किल्लीनेच सुटणारा नट; ती किल्ली डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे ना हे घरीच बघून ठेवा.

जॅक कुठे लावायचा? दरवाजाखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन खाचा असतात, बरोबर त्यांच्या मध्ये. प्लॅस्टिकवर किंवा मधल्या पत्र्यावर लावला तर पत्रा आत जातो. पावसाळ्यात रस्ता सोडून काळ्या मातीवर उतरलात तर जॅक वर जाण्याऐवजी खाली रुततो. त्यासाठी वीतभर लांब-रुंद आणि दीड इंच जाड फळी डिकीत ठेवा. काढलेली स्टेपनी आडवी करून जॅकशेजारी गाडीखाली सरकवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसेल, कुणाच्या हातावर नाही. टायर जमिनीपासून दोन-तीन इंच सुटला की पुरे. वरचा नट शेवटी काढा. नट सगळे निघाले आणि चाक तरीही सुटत नसेल तर ते गंजामुळे हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलेलं असतं. नट दोन-तीन आट्यांवर परत लावा आणि टायरला खालच्या बाजूला पायाने ठोसा द्या, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. गाडीखाली हात घालून ओढाताण करू नका.

आता पंक्चर चाक गाडीखाली सरकवा आणि स्टेपनी बसवा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे, आधी सगळे बोटांनी फिरवा. गाडी खाली उतरवा आणि मग आवळा. एकामागून एक गोल क्रमाने नाही. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे एक सोडून एक. छोट्या गाडीला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात, म्हणजे एक फुटी पान्याच्या टोकावर ३० ते ३५ किलोचा जोर. पान्यावर उभं राहून उड्या मारण्याची गरज नाही. बोल्टला ऑइल किंवा ग्रीस लावू नका, आट्या निसरड्या झाल्या की त्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. ५०-१०० किलोमीटर गेल्यावर एकदा परत पाना लावून बघा. स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर ताशी ८० किमीच्या पुढे जाऊ नका.

इथे टायरच्या दुकानदारांना एक विनंती. हवेच्या गनने नट इतके आवळले जातात की एखाद्या बाईमाणसाला किंवा म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात पान्याने ते सुटणं शक्यच नसतं. गनने फक्त बसवा आणि शेवटचं आवळणं हाताने करा. गिऱ्हाइकांनीही हे उभं राहून करून घ्यावं.

पंक्चर काढतानाही डोळे उघडे ठेवा. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला आणि हवा धरून आहे तर तो उपटू नका, तसेच हळू दुकानापर्यंत जा. पट्टी घालून दुरुस्ती होते ती फक्त जमिनीला लागणाऱ्या नक्षीच्या भागात आणि छिद्र साधारण ६ मिमीपर्यंत असेल तर. बाजूला वेडी बाभूळ जरी घुसली असेल तरी तो टायर दुरुस्तीच्या पलीकडचा समजा. हवेशिवाय गाडी चालली असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून बघायला लावा. आत काळी, मिरपुडीसारखी रबराची भुकटी सांडली किंवा बाजूला गोल रेघ उमटलेली दिसली की टायर आतून कापला गेलाय. बाहेरून तो नवाकोरा दिसेल. आणि हवा रोज थोडी कमी होत असेल तर वॉल्व्हच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की पिन बदलायची, टायर नाही.

बोनेटखाली आठवड्याला पाच मिनिटं पुरतात. ऑइलची काडी सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी आणि वरच्या खुणेच्या पुढे भरायची नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) कमी झालं म्हणून बोअरचं पाणी ओतणं सोलापुरात फार चालतं. आपलं बोअरचं पाणी जड, त्याने गिझरला जसा चुना धरतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांना धरतो आणि मेमध्ये गाडी तापते. तयार कूलंट वापरा किंवा घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं मिसळून. बॅटरीतही डिस्टिल्डच. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये काटा वर चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि गाडी बाजूला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, निदान अर्धा तास थांबा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरली असेल तर उणे टोक आधी सोडून खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्याने धुवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांनी बदला.

शेवटी दोन गोष्टी. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं बंधनकारक आहे, पण ती नळी बंद असल्याची पाटी गावात जागोजागी दिसते. नळी चालू ठेवा आणि गेज सहा महिन्यांतून एकदा तपासून घ्या. दुसरं म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ३१व्या नियमात ड्रायव्हिंग स्कूलचा जो अभ्यासक्रम दिलाय, त्यात गाडीची यंत्रणा आणि दुरुस्ती हाही भाग आहे. फी भरणाऱ्याने एक दिवस मागून घ्यावा : गाडी उभी करून, स्वतःच्या हाताने, एक चाक काढायचं आणि परत बसवायचं.

आपला,
मोटार दुरुस्तीच्या धंद्यातला एक वाचक
होटगी रोड, सोलापूर