तक्रार: सेन्सर मेलाय, त्याला 'सीसीडी लुक' म्हणू नका

प्रति,
व्यवस्थापन आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवलाय, त्यामुळे सविनय, सप्रेम वगैरे राहू द्या.

बिल, फोटो, व्हिडिओ सगळं तक्रारीसोबत आधीच चढवलेलं आहे. ते कोणी उघडलं असेल असं तुमच्या माणसांच्या बोलण्यावरून वाटलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते. तुमच्याकडून 2004 सालचा 5 मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा घेतला. 'तज्ज्ञांनी तपासलेला, वापरायला सज्ज' असं पानावर ठळक अक्षरात होतं. चालू केला की लेन्स बाहेर येते, मेनू दिसतो, फ्लॅशही उडतो. फक्त फोटो येत नाही. येतो तो जांभळट धुक्यात बुडालेला, आडव्या पट्ट्यांनी चिरलेला काहीतरी प्रकार. त्यात माणूस कुठला आणि भिंत कुठली हे कळायला फोटो काढताना आपण कुठे उभे होतो ते आठवावं लागतं. कधी कधी तेवढंही नाही, नुसता काळा चौकोन.

स्क्रीन गेली असेल म्हणाल, तर तेही पाहून झालं. माझ्या मैत्रिणीकडे हेच मॉडेल आहे. तिच्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो असलेलं कार्ड याच्यात घातलं, तर ते लख्ख दिसले. मेनूची अक्षरं स्वच्छ. म्हणजे स्क्रीन ठीक, कार्डाचा खाचा ठीक. तेच कार्ड ठेवून या कॅमेऱ्याने फोटो काढला की पुन्हा जांभळा चिखल. राहिलं काय? सेन्सर, म्हणजे उजेड टिपून त्याचं चित्र करणारी आतली चिप.

आणि हे तुम्हाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. जुने डिजिटल कॅमेरे विकणं हाच तुमचा धंदा आहे. 2005 मध्ये एकामागून एक बड्या कॅमेरा कंपन्यांनी जाहीर केलं होतं की त्यांच्या काही मॉडेलांमधले सीसीडी सेन्सर (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत असायचा तो प्रकार) उष्ण आणि दमट हवेत निकामी होतायत. आतल्या केसाएवढ्या तारांची जोडणी सुटते आणि मग चित्र भलत्याच रंगाचं, वेडंवाकडं येतं किंवा येतच नाही. वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचेही सेन्सर तेव्हा कंपन्यांनी फुकट बदलून दिले होते. जुने कॉम्पॅक्ट गोळा करणाऱ्या कुठल्याही हौशी पोराला हे पाठ असतं. त्या काळातला कॅमेरा हातात आला की आधी एक फोटो काढून बघायचा, बाकीचं नंतर. एक फोटो! तुमच्या त्या '40 बाबींच्या तपासणी'त त्याला जागा नाही का? डब्यात जे हिरव्या टिकांचं कार्ड आलंय त्यावर 'सेन्सर: उत्तम' असं लिहिलंय. कशावरून उत्तम? बाहेरून हात फिरवून?

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण तुमचे कॉल 'गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतात' असं दर वेळी ऐकवलं जातं. ते रेकॉर्डिंग काढून माझ्या लिहिण्याशी ताडून पाहा.

भरपूर संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगा आला. आवाज अदबशीर. मोड कोणता, ऑटो का मॅन्युअल, फ्लॅश चालू का बंद, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "मॅडम, मी आपण पाठवलेले फोटो पाहतोय. छान आहेत."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. "छान?"

"हो मॅडम. हाच तर सीसीडी लुक आहे. हल्ली लोक ॲप टाकून फोटोला असा इफेक्ट देतात. तुम्हाला तो ओरिजिनल मिळतोय."

मी गप्प झाले. त्याला वाटलं पटलं. पुढे म्हणाला, जांभळा टोन तर खास मागणीत आहे. मी विचारलं, फोटोत माणूस दिसत नाही, त्याचं काय? तर म्हणे, "मॅडम, ॲबस्ट्रॅक्ट."

त्याच्यावर राग नाही. समोर जे लिहून दिलंय ते तो वाचत होता. राग आहे तो नंतर आलेल्या 'टेक्निकल सीनियर'वर. या गृहस्थांनी सुरुवातच केली, "सीसीडी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे का?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सांगू लागले की दिव्याकडे कॅमेरा धरला की सीसीडीत रेघा उमटतात, त्याला स्मिअर म्हणतात आणि ते अगदी नॉर्मल आहे.

साहेब, स्मिअर मला माहीत आहे. सीसीडीत प्रत्येक ओळीतला विद्युतभार खालच्या ओळीत, तिथून त्याच्या खालच्या ओळीत असा सरकत सरकत बाहेर पडतो. सरकताना वाटेत प्रखर उजेड पडत राहिला तर त्या दिव्याच्या वर-खाली उभी रेघ उमटते. उभी. माझ्या फोटोत पट्ट्या आडव्या आहेत. शिवाय स्मिअर दिसतो तो स्क्रीनवर नेम धरताना किंवा व्हिडिओत. फोटो घेताना अशा कॉम्पॅक्टमधलं यांत्रिक शटर मिटतं आणि भार अंधारात बाहेर पडतो, म्हणून काढलेल्या फोटोत ती रेघ सहसा उतरत नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट: मी लेन्सवर काळं कापड गुंडाळून फोटो काढला तरी पट्ट्या आहेतच. कापडाच्या आत कुठला दिवा लागला होता?

हे सगळं मी त्यांना शांतपणे सांगितलं. पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला. मग ते वाक्य आलं, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले:

"मॅडम, ऑर्डर करताना तुम्ही वापराचं कारण 'क्रिएटिव्ह फोटोग्राफी' निवडलंय. क्रिएटिव्ह माणसाला परफेक्ट फोटो कशाला हवा?"

आणि लगेच, "तुमची तक्रार निकाली काढतोय. सेवेला रेटिंग द्यायला विसरू नका."

म्हणजे दोष माझ्या कल्पनाशक्तीत. धन्य आहे!

तुमच्या सीनियरसाहेबांच्या माहितीसाठी, असे कॅमेरे आम्ही का घेतो ते सांगते. सीसीडीत काही जादू असते असं मानणाऱ्यांतली मी नाही. ज्याला लोक 'लुक' म्हणतात त्यात मोठा वाटा फोटो जेपेग फाइल म्हणून साठवताना कॅमेरा आतच रंगांवर जी प्रक्रिया करतो तिचा, नखाएवढ्या सेन्सरचा आणि समोरून थेट आदळणाऱ्या फ्लॅशचा असतो. फ्लॅशचा पल्ला जेमतेम तीन-चार मीटर. त्यातलं माणूस पांढरंफटक उजळतं, मागची खोली काळोखात जाते आणि भिंतीला टेकून उभ्या माणसाच्या बाजूला धारदार काळी सावली पडते. आभाळ चटकन पांढरं होऊन जातं, म्हणून मी मुद्दाम उजेड थोडा कमी ठेवते. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 400 ला नेली की दाणे दिसतात, म्हणून 50 किंवा 100 वर राहते आणि हात कशाला तरी टेकवते. बटण दाबल्यावर फोटो पडायला वेळ लागतो, म्हणून आधी अर्धं दाबून फोकस धरून ठेवायचा आणि हसू येण्याच्या जरा आधीच दाबायचं. कधी साधतं, कधी हुकतं. या मर्यादा मला ठाऊक आहेत, त्या प्रत्येक वेळी तशाच वागतात, म्हणून त्यांच्याशी खेळता येतं. तुटलेल्या तारेशी काय खेळू? ती आज जांभळा देते, उद्या काळा.

मी कटकटी ग्राहकही नाही. अंगावरचे ओरखडे चालले. झूमचं बटण चिकट आहे, चाललं. बॅटरी काढली की घड्याळ शून्यावर जाऊन तारीख पुन्हा विचारली जाते, तेही चाललं. घड्याळ चालू ठेवणारा आतला बॅकअप इतक्या वर्षांनी टिकत नाही, हे समजण्यासारखं आहे. सेन्सर चालत नाही, हे मात्र समजून घेण्यापलीकडचं आहे.

आता सोबत 'भेट' म्हणून आलेल्या मेमरी कार्डाचं. 64 जीबी. हा कॅमेरा 2004 चा. त्याला साधं एसडी कार्ड लागतं, म्हणजे फार फार तर 2 जीबी. त्याहून जास्त क्षमतेचं एसडीएचसी आलं 2006 मध्ये, आणि तुम्ही पाठवलंय ते एसडीएक्ससी तर 2009 चं. घातलं की 'कार्ड एरर', आणि येणारच, कारण अशा कार्डाची या कॅमेऱ्याला ओळखच नाही. पण तुमच्या तपासणी कार्डावर 'मेमरी कार्डासह चाचणी' समोर हिरवी टीक आहे. हे कार्ड घालून चाचणी झाली असेल तर एरर दिसला नाही? आणि कुठलंही कार्ड घालून एक फोटो काढला असता तर सेन्सर दिसला नसता? एक फोटो, इतकंच म्हणणं आहे माझं.

विक्रीच्या पानावर 'याच कॅमेऱ्याने काढलेला नमुना फोटो' होता. सुरेख होता, त्यावरच तर भाळले. काल तो उतरवून घेतला आणि माप पाहिलं: 4032 × 3024. म्हणजे 12 मेगापिक्सेल. 5 मेगापिक्सेलचा हा कॅमेरा जास्तीत जास्त 2592 × 1944 देतो. मग हा नमुना कुठल्या फोनने काढला तेवढं कळवा, तोच फोन घेते. मला आता फसवणूक हा शब्द वापरायला संकोच वाटत नाही.

बॅटरीही फुगलेली निघाली. पहिल्यांदा चार्ज केल्यावर तिच्या कप्प्याचं झाकण लागेना, म्हणून बाहेर काढून वेगळी ठेवली आहे. तुमचे लोक म्हणतात, माल परत करायचा तर डब्यातली प्रत्येक वस्तू, बॅटरीसकट, कुरिअरने पाठवा. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी कुरिअरच्या पोत्यात टाकायची नसते, पेट घेऊ शकते. हेही मी तुम्हाला सांगायचं? आणि ती पाठवली नाही तर 'डबा अपुरा' म्हणून पैसे अडवणार, असंही ऐकवलं गेलं. वा.

तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. जुने कॅमेरे कचऱ्यात जाण्यापासून वाचवण्याबद्दल तुम्ही जे लिहिता ते वाचून मी तुमचं नाव चार जणांना सुचवलं होतं. त्यातल्या एकीने ऑर्डरही दिली होती, ती आज रद्द करायला लावली.

मला बदली कॅमेरा नको. त्याचीही अशीच टिकांची तपासणी झालेली असणार. संपूर्ण रक्कम परत हवी, पाठवणीच्या खर्चासह. कॅमेरा आणि ते निरुपयोगी कार्ड तुमच्या माणसाने येऊन न्यावं. बॅटरी मी ई-कचरा केंद्रात देऊन पावती पाठवेन. 'निकाली' म्हणून बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. सेन्सर 'उत्तम' असल्याची टीक कोणी आणि कशाच्या आधारावर केली, ते लेखी कळवा. फोन करू नका, फोनवरचं ज्ञान पुरेसं झालंय.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर तो 4032 × 3024 चा नमुना, तुमचं टिकांचं कार्ड आणि काळ्या कापडाच्या आतून काढलेला जांभळा फोटो, तिन्ही शेजारी शेजारी लावून ग्राहक न्यायालयात देईन. तिथे सीनियरसाहेबांनाच पाठवा. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे काय ते त्यांनी तिथे समजावून सांगावं.

— तुमची (आतापर्यंतची) ग्राहक