फ्लूच्या रुग्णाला लघवीचा रंगही विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीपासून आपल्याकडे फ्लूच्या रुग्णांचे आजाराच्या तीव्रतेनुसार ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे गट पाडले जातात. धाप, छातीत दुखणे, ग्लानी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त किंवा निळसर नखे दिसली की रुग्ण ‘क’ गटात जातो आणि तत्काळ दाखल होतो. अंगदुखी मात्र ‘अ’ गटात मोडते, आणि तो रुग्ण गोळ्या घेऊन घरी जातो. बहुतेकांच्या बाबतीत हे योग्यच आहे.

परंतु इन्फ्लुएन्झात, तसेच कोविडमध्येही, क्वचित स्नायूंचे तंतूच मोडून पडतात. ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात तो हाच विकार. स्नायूंतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना इजा करते आणि पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. फुप्फुसे स्वच्छ आणि ऑक्सिजन ९८ असल्याने सगळे निर्धास्त असतात; इकडे रुग्ण मांडीला हात लावू देत नाही, त्याला उठून बसवत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. ‘उष्णता झाली’ म्हणून घरचे धने-जिऱ्याचे पाणी देतात, दवाखान्यात कळ थांबावी म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन मिळते, आणि आधीच पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार येतो.

निदान अवघड नाही. लघवी तपासण्याच्या पट्टीवर रक्त दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळपास नसतात. ही विसंगती दिसली की संशय घ्यावा. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे सीपीके हे एन्झाइम एरवी साधारण २०० युनिटांच्या आत असते; ते हजाराच्या वर, कधी लाखापर्यंतही जाते. वेळीच शिरेतून सलाईन सुरू केले तर पुष्कळदा डायलिसिस टळते. अडचण अशी, की गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्रात बहुधा ज्या पट्ट्या असतात त्या अल्ब्युमिन (लघवीतले प्रथिन) आणि साखर दाखवतात, रक्त नव्हे.

फ्लू उतरताना मुलांच्या पोटऱ्या दुखतात, ती चालायला नकार देतात. हे बहुधा आठवड्याभरात आपोआप बरे होते आणि पालकांना घाबरवण्याचे कारण नाही. तिथेही लघवीचा रंग विचारायलाच हवा.

पावसाळी साथीपूर्वी एक परिपत्रक काढून गडद लघवी, असह्य स्नायुवेदना आणि हातापायांतला अशक्तपणा ही लक्षणे ‘क’ गटाच्या यादीत घालावीत, रक्त दाखवणाऱ्या पट्ट्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सीपीकेची तपासणी उपजिल्हा रुग्णालयात उपलब्ध करावी, तसेच लघवी तपासल्याशिवाय अशा रुग्णाला वेदनाशामक इंजेक्शन देऊ नये अशी सूचना द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावी काम करणारा एक फिजिशियन