मोतीला थंडी वाजत नाही, आई

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे, तब्येत अगदी उत्तम. ऑफिस, जेवण, झोप सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच चाललंय, म्हणून ते लिहीत नाही. आई, मोती कुत्र्याचा बर्फातला व्हिडिओ पाहून तू म्हणालीस, "मुक्या जिवाचे असे हाल करू नयेत गं." ते मनातून जात नाही. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. त्याचे हाल होत नाहीत.

मुळात कुत्र्याचं अंगच आपल्यापेक्षा गरम. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं रोजचं तापमान, म्हणजे आमच्या कपाळावर तू मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायचीस तेवढं. शिवाय मोतीसारख्या लॅब्रेडॉर जातीच्या कुत्र्याला केसांचे दोन थर असतात. आत दाट, मऊ लव, ती हवा धरून ठेवते. वर राठ, जरा तेलकट केस, त्यांवरून पाणी निथळून जातं. त्याच्या पाठीवर बर्फ साचलाय म्हणून तू हळहळलीस ना? तो बर्फ वितळला नाही, हीच चांगली खूण. आतली ऊब बाहेर येत असती, तर पाठीवर बर्फ टिकलाच नसता.

पायांचंही तसंच. पंजाच्या गादीत गरम रक्त आणणाऱ्या आणि गार रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या एकमेकींना अगदी खेटून असतात. येणारं रक्त जाणाऱ्या रक्ताला ऊब देतं, त्यामुळे पायातून अंगात परतणारं रक्त गार राहत नाही. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडली.

आणि मोतीचा आनंद तर बघ! ताजा भुसभुशीत बर्फ दिसला की पुढचे पाय पसरून छाती खाली, शेपटी वर, आणि मग वेड्यासारखे गोल गोल फेरे. मध्येच थांबून नाक डोळ्यांपर्यंत बर्फात खुपसतो. थंडीत वास हवेत फारसे पसरत नाहीत, म्हणून खाली दबलेला वास शोधायला नाक आत घालावं लागतं. बाहेर येतो तेव्हा मिशांना बर्फाचे कण चिकटलेले असतात आणि जोरात एक शिंक येते.

फक्त एक लक्षात ठेवावं लागतं. बर्फ छातीपर्यंत असला की कुत्र्याला पळता येत नाही, सशासारख्या उड्या माराव्या लागतात. दर उडीला सगळं अंग उचलायचं म्हणजे साध्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त दम लागतो. खेळाच्या भरात तो स्वतःहून थांबत नाही, म्हणून वीसेक मिनिटांत आपणच थांबवायचं. वरचा थर गोठून कडक झाला असेल तर तिथे सोडायचंच नाही. पाय आत रुततो, कडेने कापतो, गुडघा मुरगळतो. तळं गोठलेलं असलं तरी त्यावर पाऊल नाही. कुंपणाशी वाऱ्याने बर्फाचा ढीग लागतो, तोही फावड्याने सपाट करावा लागतो, नाहीतर ढिगावर चढून कुत्रा सहज पलीकडे उडी मारतो.

बाबा, कुत्र्याच्या बुटांचं ऐकून तुम्ही खूप हसलात, म्हणून तेही नीट सांगते. बूट मुख्यतः मिठासाठी असतात. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, काही ठिकाणी त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते ओलं झालं की गरम होतं आणि पंजाच्या भेगांत झोंबतं. कुत्रा ते चाटतो, मग उलट्या. माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करायचं, म्हणजे वजनाने पंजा पसरतो, आणि मग भोवती पेन्सिल फिरवायची. पहिल्यांदा बूट घातले की तो पाय उंच उंच उचलत चालतो, ते बघून घाबरायचं नाही. घरातच रोज पाच मिनिटं घालून सवय करायची. पट्टा फार आवळला तर पंजा सुजतो, सैल ठेवला तर बूट बर्फात राहतो. अलास्कात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची इडिटारॉड नावाची शर्यत असते, तिथे तर प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट ठेवायचा नियमच आहे. बूट नसतील तर निघण्यापूर्वी पंजांना मेणाचं मलम चोळायचं.

घरी आल्यावरचं काम मी कधीच टाळत नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात एकेक पंजा बुडवायचा आणि बोटांच्या बेचक्यांत आपलं बोट फिरवायचं. तिथे केसांना लिंबाएवढे बर्फाचे गोळे धरतात. ते ओढायचे नाहीत, केसांबरोबर कातडी सोलते. पाण्यात विरघळू द्यायचे. गोळे कमी व्हावेत म्हणून गादीखालून डोकावणारे केस आधीच कातरून ठेवते, पण अंगावरच्या केसांना हात लावत नाही. मग पोट आणि काखा टॉवेलने कोरड्या करायच्या. आतली लव भिजली की तिच्यात हवा राहत नाही आणि कुत्र्याला खरी थंडी तेव्हाच बाधते.

रस्त्याकडेचा काळपट बर्फ त्याला खाऊ देत नाही. गाडीत घालायचं अँटिफ्रीझ त्यात सांडलेलं असू शकतं. ते गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. तसं काही चाटलं तर लक्षणांची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे धावायचं. तो एकेक पाय उचलून धरायला लागला, कुडकुडला, शेपटी आत घेतली किंवा घराकडे वळला, की मी लगेच परत फिरते. कानांची टोकं फिकी पडून कडक झाली तर चोळायची नाहीत, हळूहळू ऊब द्यायची. एवढं सगळं बघते गं आई. आणि हो, मीही स्वेटर, टोपी, मोजे सगळं घालते.

बाबा, छोटीच्या लग्नाचे पैसे सोमवारी पाठवलेत, जमा झाले की एक मेसेज करा. हॉलचे उरलेले पुढच्या महिन्यात पाठवीन, तुम्ही कर्ज काढू नका. रजा दहाच दिवसांची मिळाली आहे. खरेदीला मी नसेन, छोटीला तुम्हीच समजावून सांगा, माझ्याने तिला सांगवलं नाही. आई, माझ्यासाठी आलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो. पण त्यांना आत्ता हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. मी आले की बोलू.

बाबांच्या टाचा या थंडीतही फुटल्या असतील. पार्सलमध्ये मलमाची डबी ठेवली आहे, माणसांसाठीचंच आहे. आई, रात्री झोपताना त्यांना पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायला सांग, नीट पुसून कोरडे कर आणि मगच लाव. त्यांना वाकवत नाही, म्हणून तूच लाव.

तुमची,
मनू