दोन पेनीच्या तिकिटावरील पेढीचे नाव

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

लंडनमधील एका जुन्या शेअरदलाल पेढीच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा त्यांतील चार तिकिटे मी आधीच पाण्यात भिजवून सोडवली होती आणि पंचम जॉर्जच्या नारिंगी, दोन पेनीच्या तिकिटांवर काळ्या अक्षरांत छापलेले पेढीचे नाव मला टपालाचा शिक्काच वाटत होते. आपण रागावला नाहीत. उरलेल्या पावत्या तेवढ्या माझ्या हातून काढून घेतल्या. त्याबद्दल हे जाहीर आभार.

ब्रिटनमध्ये १८८१ पासून टपाल आणि महसूल या दोन्ही कामांना एकच तिकीट चालू लागले, दोन पौंड वा अधिक रकमेच्या पावतीवरील एक पेनीचे शुल्क १९२० मध्ये दोन पेनी झाले आणि ते थेट फेब्रुवारी १९७१ मध्ये, दशमान नाणी येण्याच्या दोनच आठवडे आधी रद्द झाले, हे मला आपल्याकडून कळले. कोरे तिकीट कारकुनाने खिशात घातले तर ते पत्रावर लावता येई किंवा विकता येई. पेढीचे नाव छापले की तो मोह उरत नसे. शिवाय १८९१ च्या कायद्याप्रमाणे तिकिटावर नाव वा आद्याक्षरे आणि तारीख घालून ते रद्द करावे लागे, तेव्हा कारकुनाला तारखेपुरतेच लिहावे लागे. रेव्हेन्यू तिकिटावर सही करून पगार घेतलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. मला मात्र हे सारे नवे होते.

खरी गंमत पुढे होती. दलाल पेढी म्हणजे भागीदारी, त्यामुळे भागीदार बदलला की पुष्कळदा पेढीचे नाव बदले आणि नावाबरोबर तिकिटावरचा छापही. आपण पावत्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या, आणि कोण केव्हा आला, कोण केव्हा निघाला, हा पेढीचा इतिहास त्या छापांतूनच उलगडत गेला. माझ्या चार तिकिटांवरच्या शाईच्या तारखा पाण्यात गेल्या होत्या. तरी छाप जुळवून त्यांतील तिघांची साधारण वर्षे आपण ठरवून दिलीत. चौथ्यावरचे नाव कोणत्याच पावतीवर सापडलेले नाही. ते तिकीट या पत्रासोबत आपल्याकडे ठेवावयास पाठवीत आहे.

आपला कृतज्ञ,
एक नवशिका संग्राहक