मंडळाच्या स्टेजवर जाण्याआधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

सदाशिव पेठेतल्या मंडळाने गणपतीत तुला जादूचा कार्यक्रम दिला, फार बरं वाटलं. तू पाठवलेली प्रयोगांची यादी वाचली. बालगंधर्वला ती झकास चालेल. तिथे प्रेक्षक फक्त समोर, बाजूला विंगा, मागे काळा पडदा. पेठेत यातलं काही मिळत नाही. बारकी मुलं स्टेजला खेटून बसतात आणि खालून वर बघतात, मोठी पोरं बाजूच्या बांबूंना लटकलेली असतात आणि समोरच्या गॅलरीतून एखादी आजी थेट तुझ्या टेबलावर नजर ठेवून असते. तेव्हा आधी मंडप उभा राहिला की जाऊन ये. पहिल्या रांगेत मांडी घालून बस, बाजूला उभी राहा, जमलं तर गॅलरीतही जा आणि तिथून स्टेज बघ. वरून ज्याच्या आतलं दिसतं ती नळकांडी आणि आरशाची पेटी यादीतून काढ. मागच्या काठाला कप्पा असलेलं टेबलही नको, मागे कार्यकर्ते उभे असणारच. पाठीमागे हॅलोजन लावला असेल तर दोरा चमकतो आणि पातळ रेशमी रुमालातलं सगळं आरपार दिसतं. पत्तेही नकोत. पावसाळी हवेत ते फुगतात, पत्त्यांचा पंखा नीट उघडत नाही, आणि दहाव्या रांगेतल्या माणसाला तसंही पान दिसत नाही.

दोरी, रिंगा आणि रिकामा केला तरी पुन्हा भरणारा पाण्याचा लोटा ठेव. लोटा म्हणजे सोपं काम असं समजू नकोस. त्याला आत दुसरी भिंत असते, दोन भिंतींमधलं पाणी बुडाच्या भोकातून आत येतं, आणि ते कधी यायचं हे गळ्याजवळचं हवेचं भोक ठरवतं. ओतताना त्यावर बोट घट्ट हवं. लोटा पूर्ण उपडा कर आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धर. घाईने सरळ केलास आणि आत पाणी डुचमळलं तर पुढच्या रांगेला ऐकू जातं. मग टेबलावर ठेवताना बोट उचल, आतलं पाणी भरायला लागेल. किती वेळात भरतं ते घरी घड्याळ लावून बघ आणि दोन ओतण्यांच्या मध्ये तेवढा प्रयोग बसव. दर खेपेला पाणी कमीच निघतं, कारण दोन्हीकडची पातळी सारखी होऊन थांबते. चौथ्यांदा ओतलंस की बस, पाचव्या खेपेची करंगळीएवढी धार केलेलं सगळं पुसून टाकते. बोअरच्या पाण्याचा क्षार भोकात साचतो, म्हणून फिल्टरचं पाणी वापर आणि सुईने भोक साफ कर. ओतायला पारदर्शक भांडं घे. स्टीलच्या घमेल्यात आवाज होतो पण पाणी दिसत नाही.

फ्लॅश पेपर, म्हणजे क्षणात भडकून जळणारा कागद, मंडपात अजिबात नको. वर कापडाचं छत, आजूबाजूला थर्माकोल आणि वायरी. कितीही हौस असली तरी नाही.

आता वेळेचं. आरती लांबते, बक्षीस समारंभ मध्येच घुसतो आणि रात्री दहाला स्पीकर बंद करायचा असतो. तासाचा कार्यक्रम 35 मिनिटांवर येणारच असं धरून चाल. मधले कुठले दोन प्रयोग गाळायचे ते आधीच ठरव, शेवटचा मात्र कधी गाळू नकोस. आणि तो असा निवड की मध्येच माइक गेला तरी पूर्ण होईल. 1956 साली जादूगार पी. सी. सरकारांनी बीबीसीवर मुलीला करवतीने कापलं आणि तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी मेली की काय या भीतीने लोकांनी फोनचा भडिमार केला. सरकारांना त्यातून फुकटची जाहिरात मिळाली. पेठेत असं अर्धवट सुटलं तर लोक नुसते खुर्च्या उचलतील.

स्टेजवर कोणाला बोलवायचं ते तूच ठरव. कार्यकर्त्यांवर सोडलंस तर ते गल्लीतला सगळ्यात वांड पोरगा पाठवतील. पहिल्या दोन प्रयोगांत कोण मन लावून बघतंय ते हेरून ठेव, आठ-दहा वर्षांचं मूल उत्तम. नाव विचार, तोंड प्रेक्षकांकडे राहील असं उभं कर, आणि त्याची फजिती करून हशा मिळवू नकोस; आई समोरच बसलेली असते. पुढे काय होणार ते आधी सांगू नकोस. सांगितलं नसेल तर चुकलेला प्रयोग दुसऱ्या वाटेने संपवता येतो.

अंगात शक्ती आहे, मंत्र आहे, असं गंमत म्हणूनही बोलायचं नाही. ही हातचलाखी आहे हे सुरुवातीलाच सांग. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हातचलाखीच्या आड येत नाही, तो चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणाऱ्यांसाठी आहे. पण कार्यक्रमानंतर एखादी बाई आजारी नातवाला घेऊन तुझ्यापुढे उभी राहू शकते. तिला डॉक्टरकडेच पाठव.

मानधनातलं निम्मं आधी घे. आणि टेम्पो दुपारीच आत आणून ठेव, संध्याकाळी पेठांतले रस्ते वाहनांना बंद होतात.

तुझी,
आई