मोठे टायर बसवण्याआधी

माननीय संपादक,

पिकअपला मोठे टायर बसवण्याची हौस मीही केली. २१५/७५ आर १५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर १५ मापाचे घातले. गाडी दीड सेंटिमीटर उंच झाली, खड्ड्यात खालून घासणे कमी झाले. तेवढा फायदा खरा.

पण चाकाचा व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ वर जातो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढ. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असते. किलोमीटरही कमी नोंदले जातात, त्यामुळे ऑइल बदलायला उशीर होतो. माल भरून चढावर जाताना पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी आता दुसरा मागते. क्लचवर ताण येतो तो वेगळाच. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासायचा. एका बाजूची कड सोलून निघाली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

सर्वांत मोठी काळजी ब्रेकची. ब्रेक तेच राहतात, चाक मात्र मोठे आणि जड. भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, हे पायाला स्पष्ट जाणवते. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली, तर पंक्चर झाल्यावर एका अ‍ॅक्सलवर दोन मापांची चाके येतात.

टायर विकणाऱ्याने हे ग्राहकाला आधी सांगावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. टायरवरचा भारांक (टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा) आणि कंपनीने दारावर चिकटवलेले माप तरी दाखवावे. मी जुन्या मापावर परत आलो आहे.

– एक पिकअपचालक