गडगडाटाची भीती आणि मोठ्यांची घाई

महोदय,

वळीव असो वा परतीचा पाऊस, कडकडाट झाला की लहान मुले कानांवर हात घेतात. तेव्हा ‘घाबरट’ म्हणणे आणि ‘काही नाही झालं’ म्हणणे, दोन्ही वाया जाते. आवाज खरोखरच मोठा असतो. मुलाला खोटे पाडले की ते भीती सांगायचेच बंद करते. ‘ढगात म्हातारी हरभरे भरडते’ हे चालेल, पण धाक म्हणून नको.

पाचेक वर्षांच्या मुलाला मोजायला द्या. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा वाढत गेला की ढग लांब चालला. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर घरातच, खिडकीपासून दूर. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास.

खरा सराव निरभ्र दिवशी. मूल खेळत असताना मोबाइलवर गडगडाट जेमतेम ऐकू येईल इतका, पाच मिनिटे. खेळ थांबला नाही, तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा. घोटाळा इथेच होतो: पालक एकदम आवाज चढवतात, मूल रडते, मोबाइल झटकन बंद होतो. रडल्यावरच सुटका होते, हे मनात बसते. म्हणून रडू आले तर आधी आवाज कमी करा, ते शांत झाल्यावर बंद करा.

लाइट जातातच, तेव्हा बॅटरी मुलाच्या हाताशी हवी. नुसत्या ढगांनीही झोप, शाळा बिघडत असेल आणि हे सहा महिने टिकले, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

– दोन बालवाडी शिक्षिका, सातारा